दोन मिनिटांत डोकं आणि एक खांदाच होतो, मग टायमर कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बरेच महिने फोटोवरून फिगर, म्हणजे माणसाची आकृती, काढून झाली, आता लाइव्ह मॉडेलच्या सेशनला जाणं सुरू केलंय, पण एक-दोन मिनिटांच्या पोझमध्ये डोकं आणि एखादा खांदा होतो तोवर टायमर वाजतो. प्राण्यांचं तर बोलायलाच नको, पेन टेकवलं की ते उठून चालू पडतात. मग ही घाई नक्की कशासाठी, त्यापेक्षा सरळ लांब पोझवरच काम का करू नये?

लांब पोझ करायच्याच आहेत, त्याकडे येतो. पण आधी हे बघा की दोन मिनिटांत डोकं आणि खांदा एवढंच होतंय म्हणजे हात स्लो आहे असं अजिबात नाही. तुम्ही वीस मिनिटांच्या ड्रॉइंगची पहिली दोन मिनिटं काढताय. वरून सुरुवात, डोकं नीट, मग मान, मग खांदा, असं एकेक करत खाली उतरायचं. हेच काम दुप्पट वेगाने केलंत तर फार तर कंबरेपर्यंत पोचाल आणि पोझ तरीही कागदावर नसेलच. टायमर लावतो तो आधी काय बघायचं, नंतर काय आणि काय सोडूनच द्यायचं हा क्रम अंगात मुरावा म्हणून. वेग मागून येतो, आणि नाही आला तरी फारसं अडत नाही. मुरलेल्या माणसांना तीस सेकंदांच्या पोझला बघा कधी, हात निवांत चालू असतो, रेषा जेमतेम सात-आठ, पण प्रत्येक रेषेमागे काहीतरी ठरवलेलं असतं.

उभी पोझ घेऊ, कारण सगळ्यात जास्त तीच मिळते. मॉडेलने एका पायावर भार टाकलाय. पहिला प्रश्न, कुठल्या पायावर? त्या बाजूचं कंबरेचं हाड वर गेलेलं दिसेल, कारण दुसरा पाय सैल सोडला की पेल्व्हिस, म्हणजे कंबरेचा हाडांचा सांगाडा, त्या सैल बाजूला खाली झुकतो. खांद्यांची रेषा बहुतेक वेळा उलटी कलते, म्हणजे भाराच्या बाजूला कंबर वर आणि खांदा खाली, मग तिथे बरगड्या आणि कंबर जवळ येऊन कातडीला वळी पडते आणि दुसरी बाजू काखेपासून मांडीपर्यंत ताणलेली, लांबच लांब. आता गळ्याशी दोन कॉलरबोनच्या मध्ये जो खळगा असतो तिथून पेन्सिल ओळंब्यासारखी सरळ खाली धरून बघा, ती भार घेतलेल्या पावलाच्या आसपास जाऊन पडेल. पाठमोरी पोझ असेल तर मानेच्या मुळाशी जो मणका वर आलेला दिसतो, सातवा, तिथून धरायची. मॉडेल भिंतीला किंवा काठीला टेकलेलं असेल तर हा हिशोब चालत नाही, कारण भार वाटला गेलेला असतो, तेव्हा टेकू कुठे आहे तो आधी काढायचा नाहीतर माणूस हवेत पडतोय असं दिसतं.

तीस सेकंदांत एवढंच. खळग्यापासून पावलापर्यंत एक लांब रेषा, खांद्याचा कल, कंबरेचा कल, डोक्याचा एक अंडाकार तोही कुठल्या बाजूला झुकलाय ते दाखवण्यापुरता. हात पाय राहिले तर राहू देत. पण पाऊल टेकतं ती जागा मात्र कागदावर यायलाच हवी, नुसती आडवी खूण चालेल, कारण जमीन नसेल तर वजन दिसत नाही. सुरुवातीला डोक्याचा आणि पावलाचा टोकाचा ठिपका आधी टाकून ठेवा म्हणजे पाय कागदाबाहेर जाणार नाहीत, सेशनमध्ये नवीन लोकांचे निम्मे कागद घोट्याशी कापलेले असतात.

आणि पहिली पाच-सहा सेकंद हात हलवूच नका. तीसमधली सहा घालवायची म्हणजे जिवावर येतं, कळतंय मला, पण जे हात लगेच सुरू करतात ते खोडण्यात त्याहून जास्त घालवतात. त्या पाच सेकंदांत जमलं तर पोझ स्वतःच्या अंगात घेऊन बघा, उभ्याउभ्याच थोडी कंबर तिकडे टाकायची, खांदा सोडायचा, कुठे ताण येतो ते जाणवतं आणि रेषा त्या ताणाच्या बाजूनेच काढायची असते. शेजारचे बघतात, बघू देत.

मिनिटभर मिळालं तर त्या लांब रेषेवर दोन मोठे आकार बसवा, बरगड्यांचा पिंजरा आणि पेल्व्हिस. हे दोन्ही हाडाचे, म्हणजे आकार बदलत नाहीत, फक्त एकमेकांच्या मानाने कलतात आणि वळतात, आणि सगळी वळण-पिळण होते ती मधल्या मऊ भागात. पोझ समजली का हे बघायचं असेल तर या दोघांची तोंडं कुठल्या दिशेला आहेत एवढं विचारा स्वतःला. दोन मिनिटांत हात-पाय येतात पण वाटेसारखे, म्हणजे खांद्यापासून मनगटापर्यंतचा प्रवास, पंजा म्हणजे नुसता एक चपटा ठोकळा, बोटं नकोत. पाच मिनिटांत मग काय कशाच्या पुढे आहे ते, मांडी पोटावर कशी येते, दंड छातीला कुठे झाकतो. चेहरा? पाच मिनिटांतही नको म्हणेन मी. नाकाची दिशा दाखवणारी एक रेष पुरते, आणि एकदा डोळे काढले की तुमचं सगळं लक्ष तिथेच जाऊन बसतं, बाकीच्या शरीराचं काय चाललंय ते बघणं बंद.

एक गोष्ट जवळजवळ सगळ्यांच्या बाबतीत होते म्हणून सांगतो, आपण पोझ सरळ करून टाकतो. मॉडेल चांगलं कललेलं असतं आणि कागदावर येतं ते अटेन्शनमध्ये उभं राहिल्यासारखं. कललेली रेष काढताना हात तिला नकळत उभ्याकडे ओढतो. म्हणून कल दिसतो त्याहून थोडा जास्तच काढायचा, म्हणजे कागदावर जेमतेम खरा उतरतो. तसंच दोन्ही बाजूंच्या बाह्यरेषा एकसारख्या फुगवल्या की पाय फुग्यासारखा दिसतो. नडगी आणि पोटरी समोरून बघा, बाहेरचा फुगवटा वर असतो आणि आतला खाली, घोट्यांचं बरोबर उलटं, आतला वर आणि बाहेरचा खाली. हे वर-खालीपण शरीरात सगळीकडे आहे आणि त्यानेच रेषेला चाल येते.

सामानाबद्दल फार बोलत नाही. मॉडेलसाठी मोठा कागद, स्वस्त न्यूजप्रिंट, इझलवर (चित्राच्या तिकाटण्यावर) उभा लावलेला, आणि चारकोल किंवा ६बी पेन्सिल आडवी धरून, हात खांद्यापासून हलला पाहिजे. मांडीवर वही घेऊन मनगटाने काढलेली फिगर आखडते. न्यूजप्रिंट काही वर्षांत पिवळा पडून तुटायला लागतो आणि ते बरंच आहे, जपून ठेवायचं दडपण राहत नाही. खोडरबर छोट्या पोझमध्ये पिशवीतच ठेवा, रेष चुकली तर शेजारी दुसरी काढा, दोन्ही दिसू देत. मात्र केसाळ तुटक रेषा ही सवय लागू देऊ नका, एकाच कडेवर दहा वेळा खुरडत जाणं म्हणजे ठरवणं पुढे ढकलणं आहे.

फोटोवरून इतके दिवस केलंय ते वाया नाही गेलं पण त्यात दोन अडचणी आहेत. फोनच्या रुंद लेन्सने जवळून काढलेल्या फोटोत पुढे आलेला हात अवाढव्य आणि पावलं बारकी दिसतात, आणि आपण ते प्रमाण म्हणून पाठ करून बसतो. दुसरं म्हणजे फोटोत निवड आधीच झालेली असते, खोली सपाट करून दिलेली असते. लाइव्ह मॉडेलसमोर तुम्ही डोकं दोन इंच हलवलंत की हाताची कड छातीवर सरकते आणि कळतं की मध्ये किती अंतर आहे. शिवाय मॉडेल श्वास घेतं, थकतं. वर धरलेला हात दोन-तीन मिनिटांत खाली यायला लागतो, लांब पोझमध्ये तर सगळं धड हळूहळू बसत जातं. तेव्हा पहिल्या मिनिटात जे पकडलं तेच धरून ठेवायचं, बदलत्या पोझच्या मागे धावायचं नाही. यासाठीच तर छोट्या पोझचा सराव, लांब ड्रॉइंगचं पहिलं मिनिट म्हणजे एक छोटी पोझच असते ना.

(मॉडेलचे फोटो काढायचे नाहीत, हात लावून पोझ नीट करायची नाही आणि शरीराबद्दल शेरे मारायचे नाहीत, हे सगळ्यांना माहीत असतं असं आपण धरून चालतो पण नवीन माणसाला कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून सांगून ठेवलं. ब्रेकनंतर मॉडेलला त्याच जागी परत येता यावं म्हणून पावलांच्या कडेने टेप किंवा खडूच्या खुणा केलेल्या असतात, त्यावर पाय देऊ नका.)

आता प्राणी. इथे लोकांचा समज असा की प्राणी म्हणजे फक्त जास्त अवघड मॉडेल. मला वाटतं ते वेगळंच काम आहे, इथे टायमर तुमच्या हातात नसतो आणि पोझ संपल्यावरही ड्रॉइंग चालू ठेवावं लागतं, म्हणजे आठवणीतून. प्राणी थांबत नाहीत हे खरं, पण ते तेच तेच परत करतात. पिंजऱ्यात येरझारा घालणारं जनावर त्याच कोपऱ्यात त्याच पद्धतीने वळतं. चरणारं जनावर मान खाली घालतं, वर करतं, बघतं, परत खाली. म्हणून एका पानावर एकच चित्र काढायला बसू नका, चार-पाच अर्धवट स्केच एकदम चालू ठेवा. मान वर केली की पहिल्या स्केचवर या, खाली घातली की दुसऱ्यावर जा. अर्ध्या तासाने पानावर दोन-तीन तरी उभी राहिलेली असतात आणि बाकीची तशीच पडून राहतात, त्याचं काही नाही. लिओनार्दोचं मांजरांचं एक पान आहे, त्यात झोपलेली, भांडणारी, अंग चाटणारी मांजरं गर्दी करून आहेत, मधेच सिंह आहेत आणि एक ड्रॅगनही आहे. बघून काढता काढता आठवणीत आणि तिथून कल्पनेत माणूस कसा सरकतो ते त्या एका पानावर दिसतं.

सुरुवात झोपलेल्यांपासून करा, मग रवंथ करणारे, ते बराच वेळ बसून असतात आणि फक्त जबडा हलतो. मग खाणारे, मग चालणारे. पळणाऱ्याच्या नादी लागू नका, तिथे डोळाच कमी पडतो. फ्रेंच चित्रकार जेरिकोने १८२१ मध्ये इंग्लंडमधल्या एप्समच्या घोड्यांच्या शर्यतीचं चित्र काढलं त्यात घोड्यांचे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे असे चारही ताणून हवेत आहेत, त्या काळी सगळेच तसं काढायचे. १८७८ मध्ये फोटोग्राफर मायब्रिजने कॅलिफोर्नियात पालो आल्टोला कॅमेऱ्यांची रांग लावून पळत्या घोड्याचे फोटो घेतले तेव्हा दिसलं की चारही खूर हवेत असतात खरे, पण त्या क्षणी पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. जेरिकोला घोडे कमी कळत होते असं कोण म्हणेल? म्हणजे मुद्दा कौशल्याचा नव्हताच. चाल मात्र नुसत्या डोळ्याने पकडता येते. घोडा चालताना डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा असे पाय टाकतो, दुडकी चालीत तिरप्या जोड्या एकदम पडतात. हे माहीत असलं की एका पायाची जागा दिसली तरी बाकीचे कुठे असणार याचा अंदाज येतो.

आणि इथेच थोडं हाडांचं ज्ञान लागतं, कारण आठवणीत जी भोकं पडतात ती कशाने तरी भरावी लागतात. फार नाही. कुत्र्या-मांजराच्या मागच्या पायात जो सांधा उलटा वाकलेला दिसतो तो गुडघा नाही, टाच आहे, ते बोटांवर चालतात. खरा गुडघा वर पोटाच्या रेषेजवळ असतो. घोडा तर प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो, आणि त्याच्या पुढच्या पायाच्या मधोमध दिसणारा सांधा हा मनगट. कोपर बघायचं तर छातीच्या खालच्या कडेशी. पक्ष्याचा गुडघा पिसांत लपलेला, दिसतो तो घोटा. घोड्याला कॉलरबोन नाहीच, मांजराला असून नसल्यासारखं, म्हणजे पुढचे पाय धडाला फक्त स्नायूंनी टांगलेले असतात, त्यामुळे मांजर दबा धरून चालतं तेव्हा खांद्याची पाती पाठीच्या वर येतात-जातात. माणसाच्या खांद्याचा विचार करून मांजर काढलंत तर ते लाकडी होणारच. उलट मानेचे मणके जिराफालाही सातच, माणसाइतकेच, त्यामुळे त्याची मान सापासारखी वळवता येत नाही.

इंग्लिश चित्रकार जॉर्ज स्टब्सने घोड्यांची शरीररचना स्वतः फाडून अभ्यासली आणि १७६६ मध्ये त्याचं पुस्तक काढलं, एवढं तुम्हाला करायचं नाहीये. पण स्केचिंगवरून घरी आल्यावर एखादा सांगाड्याचा फोटो शोधून ‘आज कुठला सांधा कळला नाही’ एवढंच बघायचं, आणि पुढच्या वेळी फक्त तो सांधा शोधायचा. आधी सगळी ॲनाटॉमी पाठ करून मग प्राणी काढू म्हणणारे कधी प्राण्यांपर्यंत पोचत नाहीत.

धडापासून सुरू करा, डोक्यापासून नाही, इथेही तेच. छातीचा मोठा आकार, मागच्या पुठ्ठ्याचा आकार, मध्ये पाठीची रेष, ती कुठे झोळ खाते कुठे ताणते. लोकर-केस असलेल्या प्राण्यांत बाहेरची कड फसवते, तिथे वजन कुठे टेकलंय ते बघा. रेम्ब्राँने १६३७ मध्ये काळ्या खडूने काढलेला हत्ती मिळाला तर जरूर बघा, कातडीच्या सुरकुत्या आहेतच पण त्या सुरकुत्या कातडीखालचं वजन कुठल्या दिशेने लोंबतंय ते सांगतात, सजावट म्हणून एकही नाही. साधन म्हणून मला प्राण्यांसाठी छोटी वही आणि बॉलपेन बरं पडतं, खोडता येत नाही आणि टोक तासायला थांबावं लागत नाही.

आठवणीसाठी एक सराव, तो मॉडेलवरही करता येतो. दहा सेकंद फक्त बघायचं, मग पाठ फिरवून काढायचं, परत वळून फक्त एक चूक शोधायची. पहिल्यांदा कागद जवळपास कोराच राहतो. पण काही आठवड्यांत असं होतं की बघतानाच डोकं ‘हे उचल, हे सोड’ करायला लागतं. शिल्पकार रोदँ म्हातारपणी मॉडेलला स्टुडिओत मोकळं फिरू द्यायचा आणि कागदाकडे न बघता पेन्सिल चालवायचा, ती टोकाची गोष्ट झाली, पण नजर मॉडेलवर जास्त आणि कागदावर कमी हे सगळ्यांनाच लागू आहे.

आता लांब पोझचं. फक्त जेश्चर, म्हणजे छोट्या पोझची अशी झटपट स्केच, करणाऱ्यांचं काय होतं तेही मी भरपूर बघितलंय, रेषा झोकदार होते, सगळी माणसं नाचत असल्यासारखी दिसतात, बसलेला थकलेला म्हाताराही. रोज शंभर जेश्चर काढायचा जो नाद लोकांना लागतो त्याचा शेवट बहुतेक याच लकबीत होतो, कारण शंभरातली नव्वद बघून काढलेलीच नसतात, हात स्वतःच्या सवयीने काढतो. रोज दहा, पण प्रत्येकात भार कुठल्या पायावर ते सांगता आलं पाहिजे, एवढं मला पुरेसं वाटतं. आणि आठवड्यातून एकदा तरी वीस मिनिटांची किंवा जास्त वेळाची पोझ, ज्यात हात सरळ ताठ धरून पेन्सिलीवर मापं घ्यायची, डोकं उंचीत किती वेळा बसतं (मोठ्या माणसात साधारण साडेसात), उंचीचा मध्य कुठे येतो (पाय धडाला जोडले जातात त्याच्या आसपास, लोक कायम वर धरतात), हाताच्या आणि धडाच्या मधली पोकळी कुठल्या आकाराची आहे. लांब पोझ झाली की शक्य असेल तर शेवटी परत दोन-चार एक मिनिटाच्या करा. सेशन बहुतेक छोट्याकडून मोठ्याकडे जातात आणि तिथेच संपतात, पण वीस मिनिटं एका खांद्याची रचना बघून झाल्यावर काढलेलं मिनिटाचं स्केच सुरुवातीच्या स्केचपेक्षा वेगळंच येतं, करून बघा.

प्रगती होतेय का हे कसं कळणार, असं विचारलं नाहीये तुम्ही पण विचाराल. स्केच सुंदर दिसतं का हे बघू नका. सेशनचे कागद जमिनीवर पसरा आणि तिथे नसलेल्या कुणालातरी सांगा, हे बघून या पोझमध्ये उभा राहा. तो माणूस मॉडेलसारखा उभा राहिला तर स्केच चाललं, मग त्याला चेहरा असो नसो. त्याने भलत्याच पायावर भार टाकला किंवा ‘हा हात कुठे जातोय’ विचारलं तर तेवढीच जागा पुढच्या वेळी आधी बघायची.

तुमच्या सेशनमध्ये सगळ्यात छोटी पोझ दोन मिनिटांची असेल तर चालवणाऱ्यांना विचारून सुरुवातीला दहा तीस-सेकंदांच्या मागून घ्या, मॉडेललाही त्यात मोकळ्या, ताणलेल्या पोझ देता येतात ज्या जास्त वेळ धरताच येत नाहीत. नाहीच मिळाल्या तर त्या दोन मिनिटांत एकाच पोझची चार छोटी स्केच शेजारी शेजारी काढा, दरवेळी कोरं सुरू करून, आणि चारही वेळा डोकं सगळ्यात शेवटी.